स्प्लिटर लावल्यावर मॉनिटरमध्ये हमिंग, शिट्टी किंवा पडलेला आवाज: काय, कोणत्या क्रमाने तपासावे

सप्ताहाचा मंडप असो, जयंतीच्या गीतगायनाचा मंच असो किंवा लग्नातला ऑर्केस्ट्रा असो, गायकाला स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून माइकचा सिग्नल स्प्लिटर नावाच्या पेटीतून दोन वाटांनी नेण्याची पद्धत मराठवाड्यात आता चांगलीच रुळली आहे. एक वाट श्रोत्यांसमोरच्या मुख्य मिक्सरकडे जाते, दुसरी मंचाच्या बाजूला ठेवलेल्या मॉनिटर मिक्सरकडे (मॉनिटर म्हणजे गायकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर), आणि अलीकडे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणारी मुले तिसरी वाट मागतात. लातूर, अंबाजोगाई, परभणी, नांदेड या पट्ट्यात ही जोडणी करताना ज्या तक्रारी पुन्हा पुन्हा समोर येतात, त्या जवळजवळ सारख्याच असतात आणि त्यांची कारणेही सारखीच असतात. दोष स्प्लिटरच्या पेटीत फार क्वचित सापडतो. तो बहुधा दोन मिक्सर एकमेकांना विजेच्या दृष्टीने जोडले गेल्यामुळे, किंवा दोन माणसांनी एकाच माइकवर आपापले स्वतंत्र निर्णय घेतल्यामुळे निर्माण झालेला असतो.

लक्षणे

दुसऱ्या मिक्सरची केबल जोडताच मॉनिटरमध्ये, मुख्य स्पीकरमध्ये किंवा दोन्हीकडे हमिंग सुरू होते, आणि ती केबल काढली की थांबते. ही सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे. हमिंगचा पोत नीट ऐकून ठेवावा, कारण पुढे त्याचा उपयोग होतो: खोल, गोल घुमारा असेल तर तो ५० हर्ट्झचा असतो आणि बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यातून (तो कसा तयार होतो ते पुढे आहे) येतो, तर झर्रझर्र असा दातेरी आवाज असेल तर डिमर, एलईडी लाइट किंवा लॅपटॉपचा अडॅप्टर यांच्यावर आधी संशय घ्यावा.

दुसरे लक्षण म्हणजे कंडेन्सर माइक (ज्याला चालायला वीज लागते तो) अचानक मुका होणे किंवा त्याचा आवाज दबून चरचरीत येणे, तर वीज न लागणारा डायनॅमिक माइक मात्र व्यवस्थित चालणे. तिसरे, मुख्य मिक्सरवरच्या माणसाने काही हलवले की इकडे मॉनिटर शिट्टी मारू लागणे. चौथे, आवाज पातळ, पोकळ येणे, गायक म्हणतो, “आवाज येतोय, पण माझा वाटत नाही.” पाचवे, पखवाज किंवा ढोलकी जोरात वाजली की खालचा स्वर फाटणे. डिजिटल जोडणीत याखेरीज मधूनच टिक-टिक असा आवाज येतो.

स्प्लिटची गरज आहे का, हे सर्वांत आधी

ही तपासणी फुकट आहे आणि अर्ध्या अडचणी इथेच संपतात. मॉनिटरचा आवाज वाईट आहे म्हणून स्प्लिटर आणला जातो, पण मूळ मिक्सरवर मॉनिटरचा ऑक्स (मॉनिटरला आवाज पाठवणारी वेगळी वाट) प्री-फेडर आहे की पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरच्या, पातळी ठरवणाऱ्या सरकपट्टीच्या, आधी निघतो की नंतर, हे कोणी पाहिलेलेच नसते. ऑक्स पोस्ट-फेडर असेल तर मुख्य आवाजाचा फेडर वर गेला की मॉनिटरही वर जातो आणि शिट्टी येते. बटण दाबून तो प्री-फेडर केला की ही तक्रार मिटते. प्री-फेडर केल्यावरही दोन गोष्टी सामायिक राहतात: गेन, म्हणजे माइकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरताच किती वाढवायचा ते, आणि बहुतेक ॲनालॉग मिक्सरमध्ये इक्वलायझर. श्रोत्यांसाठी आवाज उजळ करायला वरचे स्वर वाढवले की तेच वरचे स्वर गायकाच्या पायाशी असलेल्या मॉनिटरमध्येही वाढतात. स्प्लिटची खरी गरज इथून सुरू होते.

मात्र त्यासाठीही दुसरा मिक्सर लागतोच असे नाही. मिक्सर डिजिटल असेल तर एकच इनपुट दोन चॅनेलना देता येतो; एक चॅनेल फक्त मुख्य आवाजाला आणि दुसरा फक्त मॉनिटरला वापरला की दोघांचे इक्वलायझर आणि काँप्रेसर वेगळे होतात. ॲनालॉग मिक्सरला चॅनेलवर डायरेक्ट आऊट (त्या एकाच चॅनेलचा आवाज बाहेर देणारी जोडणी) असेल तर तिथून छोटी पॅच केबल दुसऱ्या रिकाम्या चॅनेलच्या लाइन इनपुटला देऊन हेच साधते. गेन तेवढा सामायिक राहतो, पण आठ-दहा माइकांच्या कीर्तनाला हा उपाय पुरून उरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन मिक्सर, दोन माणसे आणि दोन वीजजोडण्या यांचा व्याप तेव्हाच करावा, जेव्हा मॉनिटरसाठी पूर्ण वेळ बसणारा माणूस खरोखर उपलब्ध असेल.

फँटम कोणाकडून जात आहे

गरज आहे असे ठरले आणि स्प्लिटर लागला, की पहिला प्रश्न फँटमचा, म्हणजे मिक्सर माइकच्याच केबलमधून माइकला देतो त्या विजेचा. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट कॅननच्या (माइक केबलच्या तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीच्या) २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांवरून समान जातात आणि १ क्रमांकाच्या पिनेवरून, म्हणजे शील्डवरून (आतल्या तारांभोवतीच्या आवरणावरून), परत येतात. त्यातून तीन नियम निघतात.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्प्लिटरमध्ये एक वाट थेट असते आणि दुसरी ट्रान्सफॉर्मरमधून गेलेली, म्हणजे आयसोलेटेड असते. फँटम डीसी असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर ओलांडत नाही, म्हणून ते थेट वाटेवरच्या मिक्सरनेच दिले पाहिजे. आयसोलेटेड वाटेवरच्या मिक्सरने कितीही ४८ व्होल्ट चालू केले तरी माइक मुकाच राहील. दुसरा नियम असा की थेट वाटेवर ग्राउंड लिफ्ट, म्हणजे शील्डची जोडणी तोडणे, कधीही करू नये, कारण १ क्रमांकाची पिन तुटली की फँटमचा परतीचा मार्गच तुटतो. तिसरा नियम साध्या, दोन फाट्यांच्या वाय केबलचा: तिथे दोन्ही मिक्सर माइकला सरळ जोडलेले असतात, त्यामुळे एकाने फँटम दिले आणि दुसऱ्याने बंद ठेवले, तर काही मिक्सरमध्ये त्या दुसऱ्याचे आतले रोधक माइकचे व्होल्टेज खाली ओढतात. कंडेन्सर चालतो पण दबलेला, चरचरीत वाजतो, याचे हे एक कारण आहे.

मल्टिमीटर डीसीवर ठेवून माइककडच्या कॅननच्या १ आणि २ क्रमांकाच्या पिनांमध्ये, आणि मग १ आणि ३ मध्ये मोजावे. माइक न जोडता दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्टच्या दरम्यान आकडा आला पाहिजे आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. एकीकडे ४८ आणि दुसरीकडे शून्य असेल तर तार तुटलेली आहे. फँटम चालू-बंद करताना दोन्ही मिक्सरवरचा तो चॅनेल म्यूट असायला हवा. वाय केबलमध्ये एकाच्या बटणाचा धमाका दुसऱ्याच्या मॉनिटरमध्येही होतो, आणि कानात इयरफोन घातलेल्या गायकाला तो परवडणारा नाही.

गेनला हात कोण लावतो

स्वतंत्र ॲनालॉग मिक्सर असतील तर दोघांचे गेन वेगळे असतात आणि इथे फारसे बिघडत नाही. एक स्टेज बॉक्स आणि त्यावर दोन डिजिटल मिक्सर अशी जोडणी असेल, तर मात्र प्रीॲम्प, म्हणजे गेन जिथे लागतो तो भाग, एकच असतो. मुख्य मिक्सरवाल्याने गेन ६ डेसिबल वाढवला की मॉनिटरच्या प्रत्येक मिश्रणात तो माइक ६ डेसिबलने वर येतो, आणि शिट्टी ठरलेली. त्यामुळे गेन कोणाच्या ताब्यात राहणार, हे केबल टाकण्यापूर्वी ठरवावे. साऊंड चेकनंतर त्याला हात लावू नये आणि दुसऱ्याने आपल्या चॅनेलवरचा डिजिटल ट्रिम (फक्त त्याच्या मिक्सरमध्ये पातळी बदलणारा) वापरावा. काही यंत्रणांत गेन बदलला की ट्रिम आपोआप उलटा फिरण्याची सोय असते. ती असेल तर चालू करून एकदा पडताळून पाहावी. टिक-टिक आवाज येत असेल तर दोन्ही मिक्सरचा सॅम्पल रेट एकच आहे का आणि घड्याळ (डिजिटल सिग्नलचा ठेका ठरवणारे क्लॉक) एकाचेच आहे का, एवढे दोन पडद्यांवर पाहिले की बहुधा उत्तर मिळते. तेही बरोबर असेल तर नेटवर्क केबल बदलावी. मंडपात तिच्यावरून खुर्च्या ओढलेल्या असतात.

हमिंग कुठून शिरते

हा भाग सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक घाई करतात आणि इथेच धोका आहे.

आधी दोष कुठे आहे ते वेगळे करावे. मॉनिटर स्पीकरच्या मागची सिग्नल केबल काढावी. केबल काढूनही हमिंग चालूच असेल तर ते स्पीकरचे किंवा त्याच्या वीजजोडणीचे आहे, स्प्लिटरचा संबंध नाही. केबल काढताच थांबत असेल तर ती परत जोडून मॉनिटर मिक्सरचे सगळे चॅनेल म्यूट करावेत. तरीही हमिंग राहिले तर मिक्सर आणि स्पीकर यांच्यामध्ये फेरा आहे. ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेल्या) मॉनिटरना मंचावरच्या जवळच्या बोर्डातून वीज दिलेली असते आणि मिक्सरला भलत्याच बोर्डातून; तिथे हे हमखास होते. म्यूट केल्यावर थांबले तर एकेक चॅनेल उघडत जावे. एकाच चॅनेलवर हमिंग असेल तर केबल दोषी, सगळ्यांवर सारखे असेल तर दोन मिक्सरमधला फेरा दोषी. या सगळ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि पैसा काहीच लागत नाही.

फेरा कसा तयार होतो, ते समजून घेतले की उपाय आपोआप कळतो. मुख्य मिक्सर मंडपाच्या मागच्या टोकाला एका बोर्डावर असतो, मॉनिटर मिक्सर मंचाजवळ दुसऱ्या बोर्डावर असतो. दोन्ही बोर्डांच्या अर्थिंगमध्ये थोडा विद्युतदाबाचा फरक असतोच. त्या दोघांना स्प्लिटरमधून जाणारे मायक्रोफोन केबलचे शील्ड जोडते आणि या फरकामुळे शील्डमधून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. मिक्सर त्याला शेकडो पटींनी वाढवतो आणि त्यासोबत हे हमिंगही वाढते.

म्हणून पहिला उपाय: दोन्ही मिक्सर, स्टेज रॅक आणि ॲक्टिव्ह मॉनिटर यांना एकाच बोर्डातून, एकाच फेजवरून वीज द्यावी आणि लाइट, एलईडी पार, फवाऱ्याची मोटर, पंखे यांना दुसऱ्या फेजवर ठेवावे. त्यासाठी एक लांब, जाड, तीन तारांची एक्स्टेंशन केबल मागच्या मिक्सरपर्यंत न्यावी लागते. ती मल्टिकोरला (सगळ्या माइकांच्या तारा एकत्र नेणाऱ्या जाड केबलला) चिकटवून नेऊ नये; जिथे ओलांडावी लागेल तिथे काटकोनात ओलांडावी. आमच्या भागात मंडपवाला, लाइटवाला आणि साऊंडवाला हे तिघे वेगवेगळे असतात आणि बोर्ड कोणाचा हा वाद नेहमीचा असतो. तो वाद सकाळी मिटवावा, आरतीच्या वेळी नाही.

दुसरा उपाय ग्राउंड लिफ्टचा. स्प्लिटरच्या आयसोलेटेड वाटेवर जे लिफ्टचे बटण असते, ते दाबले की त्या वाटेचे शील्ड तुटते आणि फेरा उघडतो. सिग्नल २ आणि ३ वरून ट्रान्सफॉर्मरमार्फत जातच राहतो. साध्या वाय केबलमध्ये ही सोय नसते. म्हणून दोन मिक्सर दोन वेगळ्या बोर्डांवर असतील तर वाय केबल वापरूच नये, असे मी सांगेन.

आता जे करू नये ते. मिक्सरच्या किंवा स्पीकरच्या प्लगमधली अर्थिंगची मोठी पिन कापणे, तिच्यावर टेप गुंडाळणे किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणे, हा “उपाय” सर्रास केला जातो आणि त्याने हमिंग खरेच थांबते. पण त्यानंतर त्या मिक्सरच्या पत्र्याला फेज लागली तर प्रवाहाला जमिनीत जायला मार्ग उरत नाही. तो माइकच्या जाळीपर्यंत येऊन थांबतो आणि पुढे गायकाच्या ओठांची वाट पाहतो. फेरा तोडायचा तो सिग्नलच्या शील्डमध्ये, आयसोलेटेड बाजूला. विजेच्या अर्थिंगमध्ये कधीच नाही.

थेट प्रक्षेपणवाल्यांसाठी तिसरी वाट माइकपासून काढू नये. त्यांना मुख्य मिक्सरच्या मोकळ्या ऑक्सवरून, मध्ये १:१ लाइन ट्रान्सफॉर्मर घालून आवाज द्यावा. लॅपटॉपचा अडॅप्टर हे झरझरीचे माहेरघर आहे. तो काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि आवाज थांबला, तर निदान झालेच.

पडलेला किंवा पोकळ आवाज

दुसरा मिक्सर जोडला म्हणून आवाज निम्मा झाला, ही समजूत फार पसरलेली आहे. पाटाचे पाणी दोन शेतांत वाटले की प्रत्येकाला निम्मे मिळते, तसे इथे होत नाही. शुअरच्या एसएम ५८ सारख्या डायनॅमिक माइकचा प्रतिरोध ३०० ओहमच्या आसपास असतो आणि मिक्सरच्या माइक इनपुटचा साधारण दोन-अडीच हजार ओहम असतो. असे दोन इनपुट समांतर जोडले तरी पातळी सुमारे १ डेसिबलने उतरते, तीन जोडले तर पावणेदोनच्या आसपास. गेनचा खटका किंचित फिरवला की तेवढे भरून निघते. आवाज याहून स्पष्टपणे पडला असेल, विशेषतः खालचे स्वर गायब होऊन तो पातळ झाला असेल, तर २ किंवा ३ पैकी एक तार तुटलेली आहे असे धरून चालावे.

केबल तपासायला मल्टिमीटरचा बझर पुरतो. १ ला १, २ ला २, ३ ला ३ वाजले पाहिजे आणि त्याखेरीज कशालाही काहीही वाजता कामा नये. केबल स्थिर ठेवून तपासण्यात अर्थ नाही; कॅननच्या मानेशी ती हलवत तपासावी, कारण तार तुटते ती तिथेच, जिथे वरचा रबर आखडतो आणि आतला तांब्याचा केस दररोजच्या गुंडाळण्याने एकेक करून सुटत जातो. सोल्डरचा टाका वरून चकचकीत दिसतो आणि खालची तार मात्र नुसती टेकलेली असते. एका टोकाला २ आणि ३ ची अदलाबदल झालेली असेल तर केबल चालते, पण पोलॅरिटी, म्हणजे सिग्नलची दिशा, उलटते. गायकाला स्वतःचा आवाज हाडांतून आणि मॉनिटरमधून असा दोन्हीकडून ऐकू येतो, आणि ते दोन एकमेकांविरुद्ध गेले की तो पोकळ वाटतो. मिक्सरवर पोलॅरिटीचे बटण असेल तर ते दाबून गायकालाच विचारावे. उत्तर लगेच मिळते.

पखवाजाच्या खालच्या स्वराच्या बाजूचा आवाज फाटत असेल तर आधी इनपुटचा लाल दिवा पाहावा, मग त्या माइकची वाट स्प्लिटरच्या दुसऱ्या चॅनेलवर नेऊन पाहावी. थेट वाटेवर आवाज स्वच्छ आणि आयसोलेटेड वाटेवर फाटलेला असेल तर ट्रान्सफॉर्मर लहान पडतो आहे. स्वस्त ट्रान्सफॉर्मरचा गाभा खालच्या स्वरांत आणि मोठ्या पातळीला संपृक्त होतो. त्यावर दुरुस्ती नाही. तो चॅनेल हार्मोनियमसाठी किंवा गायनासाठी ठेवावा.

सगळे बरोबर असूनही शिट्टी

इथे स्प्लिटरचा दोष नसतो, जागेचा असतो. एसएम ५८ कार्डिऑइड आहे, त्याला पाठीमागून सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून मॉनिटर बरोबर माइकच्या शेपटीच्या दिशेला ठेवावा. बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड आहे. त्याची बहिरी दिशा सरळ मागे नसून साधारण १२६ अंशांवर असते, म्हणून मॉनिटर थोडे डाव्या-उजव्या बाजूला सरकवावे लागतात. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला, हे कारण अनेकदा सापडते.

कीर्तनात आणखी एक गोष्ट आहे. मागे टाळकऱ्यांच्या रांगा उभ्या असतात, त्यांच्यासाठी दोन-तीन माइक, विणेकऱ्याला एक, गायनाचार्यांना दोन, पखवाजाला दोन. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची उसंत सुमारे ३ डेसिबलने घटते. दुसऱ्या मिक्सरचा सर्वांत मोठा फायदा इथेच घेता येतो: मॉनिटरच्या मिश्रणातून टाळांचे माइक काढूनच टाकावेत, कारण टाळ मंचावर तसेही कानठळ्या बसेपर्यंत ऐकू येतात. महाराजांच्या मॉनिटरमध्ये त्यांचा स्वतःचा आवाज आणि हार्मोनियमचा स्वर एवढे पुरे असते.

कुठे थांबावे

माइकला ओठ किंवा हात लागताच झिणझिण्या आल्या, तर कार्यक्रम चालू असला तरी थांबवावा, त्या मंचाची वीज मुख्य स्विचवरून बंद करावी आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. टेप गुंडाळून, पायाखाली लाकडी फळी ठेवून पुढे रेटू नये. बोर्डातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर तो काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो काहीतरी सांगतो आहे.

मंडपाला वीज आकडा टाकून घेतलेली असेल तर आमच्या कामाच्या कोणत्याही तपासणीला अर्थ उरत नाही. महावितरणची तात्पुरती जोडणी घेतल्याशिवाय मिक्सर लावूच नये. जनरेटरचे न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी, किंवा अर्थिंगचा रॉड, हाही वायरमनचाच प्रांत आहे. चैत्र-वैशाखात काळी जमीन भेगाळते, रॉड मोकळा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. तो रॉड किती खोल, कुठे आणि किती रोधाचा, हे मोजायला वेगळे मीटर लागते; नुसते पाणी ओतून निघून जाऊ नये.

स्प्लिटर ॲक्टिव्ह असेल, म्हणजे स्वतः विजेवर चालणारा असेल, तर तो उघडू नये. पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणाऱ्या, पेटीतील एखादा चॅनेल मेला असेल तर त्या चॅनेलवर चिकटपट्टी लावून तो बंद करावा आणि कार्यक्रम झाल्यावर दुरुस्तीला द्यावा. मंचामागे बसून टाके मारणे कार्यक्रमाच्या मध्यात टाळावे. दुरुस्तीवाल्याला पेटी देताना “खराब आहे” एवढे सांगू नये. कोणता चॅनेल, थेट वाट की आयसोलेटेड, फँटम चालू होते की बंद, लिफ्ट दाबलेले होते की नाही, आणि कोणत्या माइकने दोष दिसला, हे कागदावर लिहून पेटीला चिकटवावे. त्यामुळे त्याचा वेळ वाचतो आणि आपले बिलही कमी येते.